डायरेक्ट केलेली खुर्ची

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यभर विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्यामुळे जगातली प्रत्येक मोटार आपल्यालाच कळते असं त्याला वाटत आलं आहे. सानगडीच्या बाजारात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे तांब्याच्या तारांची भेंडोळी, जळक्या वार्निशचा वास, आणि मध्ये स्टुलावर बसून गिऱ्हाइकांवर खेकसणारा दादा. जो मिस्त्री जास्त खेकसतो त्याला जास्त कळतं, अशी आमच्या भागात समजूत आहे. या समजुतीवर त्याने घर बांधलं, लग्न केलं आणि मला सांभाळलं. ‘मला सांभाळलं’ हे त्याचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी शाळेत गणित शिकवते आणि स्वतःच्या पगारावर जगते.

लहानपणी पोलिओने माझे दोन्ही पाय गेले. गोंदिया वेगळं होऊन भंडारा जिल्हा अर्धा झाला, त्याच्या नंतरच्या भरतीत मला नोकरी लागली. शाळा मिळाली ती तलावाच्या पलीकडची. आमची वस्ती अलीकडे, शाळा पलीकडे आणि मध्ये तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध. पाळीवरून रस्ता जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. रस्ता सपाट नाही. मधोमध, जिथून कालव्याला पाणी सोडतात तिथे, चांगला चढ आहे आणि लगेच उतार. हा चढ आणि हा उतार मी कितीतरी वर्षं ढकलायच्या खुर्चीत बसून वहिनीच्या हाताने पार केला.

वहिनी वाईट नाही. पण तिला ढकलता ढकलता बोलायची सवय होती. पाळीवर कोणी भेटलं की ती थांबायची. धुणं घेऊन जाणारी बाई, बैल घेऊन येणारा कोणी, विहारातून परतणाऱ्या म्हाताऱ्या. ‘जय भीम’ व्हायचं आणि मग माझ्या डोक्यावरून सगळ्या गावाचा कारभार चालायचा. मी खाली, उन्हात, डब्याची पिशवी मांडीवर धरून. घंटा होऊन जायची. लोक माझ्याबद्दल विचारायचे तेही वहिनीला. ‘बाईची तब्येत बरी हाये का?’ अरे, बाई इथे बसली आहे, तिला तोंड आहे! पण ते तोंड त्यांच्या कमरेच्या उंचीला असल्यामुळे त्यांना दिसत नसावं. हेडमास्तर मला उशिराबद्दल बोलत नसत, आणि ते न बोलणंच मला जास्त झोंबायचं. बाकीच्यांना ते सगळ्यांसमोर झाडायचे.

म्हणून मी बॅटरीवर चालणारी खुर्ची घेतली. नागपूरहून. दादाला न विचारता.

त्या खुर्चीबद्दल मी फार बोलणार नाही, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. उजव्या हाताला एक छोटी दांडी होती. ती पुढे केली की खुर्ची पुढे, मागे केली की मागे. सोडली की खुर्ची हळू होऊन थांबायची आणि मग खालून, सीटच्या खालून, ‘टक’ असा आवाज यायचा. तो ब्रेकचा आवाज. या खुर्च्यांचा ब्रेक आपण लावायचा नसतो. वीज मिळते तोवरच तो उघडा राहतो. वीज गेली, की आपोआप चाकाला धरतो. पहिल्या दिवशी मी पाळीच्या ऐन उतारावर मुद्दाम दांडी सोडली. टक. खुर्ची खिळ्याने ठोकल्यासारखी उभी. पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या आणि माझ्या मागे कोणी नव्हतं. मी तिथे उगाचच थांबून राहिले, कारण थांबायचं की नाही हे पहिल्यांदाच माझं मी ठरवत होते.

एक वर्ष मी एकटी शाळेत गेले आणि एकटी आले. घंटेच्या आधी पोचायचे. हेडमास्तरांनी एकदा मलाही झाडलं, पेपर उशिरा तपासले म्हणून, आणि मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. तिला त्यात आनंदाचं काय आहे ते कळलं नाही.

मग दादाने धानाची पोती माझ्या खोलीत रचली. ‘दोन दिवसांसाठी’ म्हणाला. त्याचे दोन दिवस होळी उलटली तरी संपले नाहीत. धान आलं की उंदीर येतात, हे भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. उंदरांनी आधी पोती कुरतडली, मग माझ्या खुर्चीच्या वायरी. एका सकाळी मी चावी फिरवली, सीटखाली चर्र झालं, धूर निघाला आणि खुर्ची मेली. आत एक डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. दांडीचा इशारा घ्यायचा आणि बॅटरीची वीज दोन्ही चाकांच्या मोटारींना मोजून वाटायची, हे त्याचं काम. तो जळाला होता. विकणाऱ्याने दोनदा फोन उचलला, मग उचलणं सोडलं.

मी दादाला म्हटलं, ‘तुझ्या पोत्यांनी माझे पाय खाल्ले.’

‘मी बसवून देतो ना दुसरा. मोटार ते मोटार,’ तो म्हणाला.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीला स्टार्टर असतो. व्होल्टेज कमी झालं की स्टार्टर मोटार बंद करतो, मोटार जळू नये म्हणून. पण धानाला पाणी पाहिजे असतं आणि व्होल्टेज कधीच पुरेसं नसतं. मग शेतकरी स्टार्टरचं झाकण काढतो, आतला तुकडा दाबतो आणि तो सुटू नये म्हणून त्यात लाकडाची काडी खुपसतो. याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. सगळे करतात. आणि लाईन कधी येईल याचा नेम नसल्यामुळे सगळ्यांनी ऑटो स्विचही लावलेला असतो. लाईन आली, की शेतात कोणी असो नसो, मोटार आपली सुरू. दादाने आयुष्यभर हेच केलं. मोटार काही झालं तरी चालू राहिली पाहिजे आणि संधी मिळाली की आपणहून सुरू झाली पाहिजे, एवढाच त्याचा धर्म. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विहिरीवरच्या मोटारीवर कोणी बसलेलं नसतं.

त्याने नागपूरहून एक कंट्रोलर मागवला. तयार खुर्चीतला नव्हे. ज्याला जे बनवायचं त्यासाठी वापरावा असा. त्याला सगळं आपण सांगावं लागतं. वेग किती, किती झटक्याने निघायचं, किती हळू थांबायचं, आणि काय बिघडलं तर हातपाय आखडून बसायचं. सांगितलं नाही तर तो काहीच गृहीत धरत नाही. सोबत जाड इंग्रजी पुस्तिका होती. ती दादाने न उघडता टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली ठेवली.

आठवड्याने खुर्ची घरी आली. दादाने वस्तीत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे अंगणात पाचसहा जण जमले होते. मी बसले. दांडी पुढे केली, खुर्ची निघाली. सोडली, थांबली. लोकांनी माना डोलावल्या. दादाने खांद्यावरच्या दुपट्ट्याने कपाळ पुसलं, मोठं काम केल्यासारखं.

‘टक नाही झालं,’ मी म्हटलं.

‘कायचं टक?’

‘ब्रेकचा आवाज. तो नाही आला.’

‘आवाज कायले पाहिजे तुले? थांबली ना?’

‘अंगणात थांबली. उतारावर थांबेल का?’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ब्रेकच्या वायरी कंट्रोलरला जोडल्या की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि खुर्ची हलायची नाही. म्हणून त्याने त्या वायरी तिथून काढून सरळ चावीला जोडल्या. चावी चालू की ब्रेक उघडा; मग खुर्ची उभी असो की चालत असो. दांडीची वायर तुटली तर कंट्रोलरने थांबावं अशी एक सोय होती, तीही त्याने बंद केली होती, कारण जुनी दांडी पूर्ण पुढे ढकलली की डब्याला वायर तुटल्याचा भास व्हायचा. दांडी मध्यावर नसेल तर खुर्ची सुरूच होऊ नये अशी आणखी एक सोय; तीही बंद. आणि चावी नेली होती सीटच्या मागे, पाठीशी. माझा हात तिथे पोचत नाही.

‘चावी मागे कशाला?’

‘कोनी उगाच हात नाई लावला पाहिजे.’

‘म्हणजे मी?’

त्याने दुपट्टा झटकला. म्हणजे मीच.

‘तू माझी खुर्ची डायरेक्ट केलीस,’ मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की शेजारची कोंबडी पळाली. ‘माझ्या बुडाखाली तू काडी खुपसून ठेवलीस!’

‘चालते ना? मंग काहून भांडून राहिली? अन मी सेफ केली थे. स्पीड पाहा किती कमी केली.’

ते खरं होतं. वेग त्याने इतका उतरवला होता की म्हातारी बाई काठी टेकत पुढे गेली असती. त्याच्या मते हळू म्हणजे सुरक्षित. मी त्याला सांगितलं की गाडी हळू असून उपयोग नाही, थांबता आली पाहिजे. तो म्हणाला, सायकलवाल्यालाही हे कळते, मले शिकवू नको. वहिनी मध्ये पडली. ‘बाई, मी येत जाईन ना सोबत. पहिल्यासारखं.’ तिने हे प्रेमाने म्हटलं आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. म्हणजे धोक्याची खुर्ची, वरून राखणदार. एक वर्ष मी जे मिळवलं होतं ते दोघांनी मिळून अंगणात उभ्या उभ्या परत घेतलं, आणि मी आभार मानावेत अशी अपेक्षा होती.

मी टेबलाखालची पुस्तिका मागून घेतली. टेबल डगमगायला लागलं. वाचायला मला तीन संध्याकाळी लागल्या. इंग्रजी कोरडं होतं, पण लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळली होती, जी माझ्या भावाला कळत नव्हती: खुर्चीत माणूस आहे. पानोपानी तेच होतं. आधी चाकं जमिनीपासून उचला, मग वीज द्या. प्रत्येक वायर एकेक करून काढून पाहा, काय होतं ते बघा. बंद करायचं बटण बसणाऱ्याच्या हाताशी ठेवा. मी दादाला हे वाचून दाखवलं. तो जेवत होता.

‘पुस्तकात तलाव हाये का आपला?’ तो म्हणाला. ‘पुस्तकवाले पुस्तकात बसते. मी तीस वर्ष झाले लाईनमध्ये हात घालून राहिलो.’

तेव्हा मी म्हटलं, ‘ठीक आहे. तू बस. रविवारी पाळीवर चल, त्या खुर्चीत तू बस, आणि चालत्या खुर्चीत मी दांडीची वायर उपटते. काही झालं नाही तर मी जन्मभर वहिनीसोबत जाईन आणि एक शब्द बोलणार नाही.’

वहिनी हसली. दादा हसला नाही, पण नाही म्हणायलाही त्याला जमेना, कारण त्याची दोन गिऱ्हाइकं ओसरीवर बसून ऐकत होती.

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून लोक पाळीवर आले. श्रावण होता, रोवणी होऊन थोडे दिवस झाले होते, बांध्यांत पाणी उभं आणि हिरवी रोपं नुकती धरलेली. मी जुन्या ढकलायच्या खुर्चीत, मागे वहिनी. दादा माझ्या खुर्चीत बसला तेव्हा लोक हसले. त्याने पाय पसरले, हात उंच करून नमस्कार केला, पुढारी जीपमधून करतात तसा. मी जागा बघून ठेवली होती. पाण्याच्या बाजूला नाही, बांध्यांच्या बाजूला. जिथे पाळ बसकी आहे आणि खाली मऊ चिखल. माझ्या भावाला मारायचं नव्हतं मला. त्याला कळायला पाहिजे होतं.

दादाने दांडी पुढे केली आणि चढाला लागला, वहिनी मला त्याच्या बाजूने ढकलत होती. ‘उपट,’ तो म्हणाला. ‘उपट ना! कायची वाट पाहून राहिली?’

मी वाकले आणि दांडीचा प्लग ओढला.

दादाला वाटलं होतं खुर्ची थांबेल. खुर्ची थांबली नाही. वायर सुटल्यावर डब्याला वाटलं की कोणीतरी दांडी पूर्ण मागे खेचली आहे, आणि तसं वाटू नये म्हणून असलेली सोय तर दादानेच बंद केली होती. खुर्ची उलटी धावली, उलटी आणि वाकडी, एक चाक फिरतंय आणि एक नाही अशी. उतार लागल्यावर त्याने उतरवलेल्या वेगाला काही अर्थ राहिला नाही, कारण ब्रेक उघडे होते. दादाचा हात पाठीमागे चावी शोधत होता. ती त्याच्याही हाताला लागली नाही. त्याचं तोंड मला अजून दिसतं: चिडलेलं नाही, चकित. मग खुर्ची पाळीच्या कडेवरून घसरली आणि दोघेही बांधीत आडवे झाले. एक चाक वर तोंड करून फिरतच होतं.

सगळे खाली धावले. ज्याची बांधी होती तो सगळ्यात आधी. ‘अरे बावा, माह्या रोवणीचा सत्यानास केला तुमी बहीणभावानं!’ त्याला दादाची काही पडलेली नव्हती. कोणीतरी चावी बंद केली. दादाला उठवलं. कोपर सोललं होतं, कानात चिखल, बाकी धड होता.

वहिनीने माझ्या खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला मी इतकी रागावलेली कधी पाहिली नव्हती. ‘आपल्या भावाले मारून टाकता काय बाई तुमी?’

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘वायर आज ना उद्या तुटलीच असती. उंदीर खोलीत आहेतच. उद्या सोमवारी त्यात मी बसले असते. आणि दुसऱ्या बाजूला पाणी आहे.’

मग तिने पाण्याकडे पाहिलं. आणि परत माझ्या मागे जाऊन मुठी धरल्या.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. नातेवाइकांत ही गोष्ट निघते तेव्हा मी फार निष्ठुर आहे असं ठरतं, आणि ठरवणारे सगळे पायाने चालत आलेले असतात.

दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. खुर्ची दुकानात नेली, धुतली, वाळवली. धानाची पोतीही एक दिवस मुकाट माझ्या खोलीतून हलली आणि त्याच्या खोलीत गेली. मी ते पाहिलं, त्याने पाहिलं की मी पाहिलं. मग एका संध्याकाळी तो ताटावर बसून, मी समोर असताना, वहिनीला म्हणाला, ‘तिले सांग, कम्प्युटर घेऊन दुकानात येजो म्हणा. अन थे पुस्तक.’

दुकानात खुर्ची विटांवर चढवलेली होती. चाकं अधांतरी. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने विटा काढल्या असत्या.

आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं आणि सबंध वेळ भांडलो. मी लॅपटॉप लावून डब्याला काय काय सांगायचं ते सांगत होते, तो वायरी ओढत होता. ब्रेक त्याने परत कंट्रोलरवर घेतले. आधी लाल दिवा का लागत होता ते आता शोधलं. सोल्डरिंगचा एक टाका सैल होता, बाकी काही नाही. एका टाक्यासाठी याने माझे ब्रेक काढून फेकले होते! हे मी त्याला त्या दुपारी बऱ्याच वेळा ऐकवलं. दांडी पूर्ण ढकलली तरी डब्याला वायर तुटल्याचा भास होऊ नये म्हणून त्याने मागेपुढे दोन छोटे प्रतिरोधक जोडले, आणि ते मला सुचलं नसतं. चावी पुढे आली. तिच्या शेजारी त्याने एक मोठं लाल बटण बसवलं, राईस मिलच्या पॅनेलवर असतं तसं. थाप मारली की सगळं बंद. ते बटण मिलमध्ये पोत्यासारख्या माणसांच्या थापा खायला बनवलेलं आहे. माझ्या खुर्चीवर ते भयंकर दिसतं.

एका बाबतीत तो बरोबर होता आणि मी चूक. झटका बसू नये म्हणून खुर्ची अगदी सावकाश थांबावी असं मी डब्याला सांगितलं होतं. ‘उतारावर सावकाश थांबली तर किती पुढे जाशीन?’ त्याने विचारलं. ‘थांबता थांबता तलावात जाशीन.’ मी हिशेब केला. मी गणिताची बाई. तो हिशेब मी आधीच करायला हवा होता. मी आकडा बदलला. त्याने चहा मागवला आणि माझ्या पुढ्यात ठेवताना थोडा जास्तच आपटला.

मग वायरी उपटायचा कार्यक्रम. चाकं हवेत फिरताहेत आणि दादा एकेक वायर ओढतोय. दांडीची. टक. बॅटरीची. टक. ब्रेकची एक. टक. दांडी पुढे दाबून धरून चावी चालू केली. खुर्ची सुरूच झाली नाही. तो डब्याकडे बघत म्हणाला, ‘अडेल हाये तुयासारखा.’ ‘ऑटो स्विच नाही ना त्याला,’ मी म्हटलं. आणि तीस वर्षं शेतकऱ्यांच्या मोटारी आपोआप सुरू करून देणारा माणूस, काही केल्या सुरू न होणाऱ्या त्या खुर्चीकडे पाहून पहिल्यांदा समाधानाने हुंकारला.

पाळीवर परत गेलो ते एका शाळेच्या दिवशी, सकाळी. या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघे आणि वहिनी. तो स्वतःच आधी बसला. उतारावर आला. मी वायर उपटली. टक. खुर्ची उभी. त्याने मान वळवून खाली बांधीकडे पाहिलं, जिथे त्याच्या आकाराचा खळगा अजून होता, आणि उठला.

मग मी बसले. जेवणाच्या डब्याची पिशवी मांडीवर घेतली. चढ चढले, उताराला लागले. तो माझ्या बाजूने चालत होता, पाण्याच्या बाजूने. मी म्हटलं, ‘उपट.’

त्याचा हात दांडीच्या वायरीपर्यंत आला. आला आणि तिथेच राहिला. खुर्ची चालत होती आणि तो वायरीला बोट लावून सोबत चालत होता, एखाद्या गाईच्या गळ्याला हात लावून चालावं तसा.

‘उपट ना, दादा. उतार संपून राहिला.’

‘मले नाई होत.’

मला वाटलं चेष्टा करतोय. पाहिलं तर तो वायरीकडे नाही, पाण्याकडे बघत होता. चालू लाईनमध्ये हात घालून फुशारक्या मारणारा हा माणूस. मला राग आला. ‘त्या दिवशी तर बसवत होतास मला बिनधास्त! त्या दिवशी काही नव्हतं वाटत?’

‘त्या दिवशी मले मालूम नवतं,’ तो म्हणाला. त्याने हात काढून घेतला आणि पाठीमागे धरला, लहान मुलं धरतात तसा. ‘आता मालूम हाये. आता मी पडलो ना त्यातून. नाई होत मले.’

इतकी वर्षं मी त्याला हुकूम सोडणारा, अडवणारा, सगळं आपल्या मुठीत ठेवणारा माणूस समजत होते. तो तसा आहेच. पण तो घाबरलेलाही आहे, माझ्यासाठी, आणि बहुतेक मी दोन वर्षांची असताना ताप आला तेव्हापासून, हे मला त्या उतारावर कळलं. कळल्याने राग गेला नाही. फक्त त्याच्यासोबत आणखी काहीतरी आलं, ज्याला मला तेव्हा वेळ नव्हता. शाळेला उशीर होत होता.

मी डाव्या हाताने दांडी पुढे धरून ठेवली, उजवीकडे खाली वाकले आणि त्या हाताने वायर स्वतःच उपटली.

टक.

उतारावरच खुर्ची उभी राहिली. बोटभरही सरकली नाही. एका बाजूला पाणी होतं. मी वर पाहिलं. दादा पाळीच्या दगडावर बसला होता आणि दुपट्ट्याने तोंड पुसत होता, घाम नसताना.

मी वायर परत लावली, दांडी मध्यावर आली का ते पाहिलं, चावी फिरवली आणि निघाले. मागून वहिनीचा आवाज आला, ती दादाला म्हणत होती, ‘अवो, जा ना तिच्यासंगं! एकटी जाऊन राहिली थे!’

‘जाऊ दे तिले,’ दादा म्हणाला. ‘थांबता येते तिले आता.’

मी थांबले नाही. पहिला तास नववीचा होता.